काचा लावलेली गॅलरी

"विजेची वाट बघण्याचे दिवस संपले! आता प्रत्येक घर स्वयंपूर्ण!"

कामशेतच्या पेट्रोलपंपावर निवृत्त गंगाधर मास्तरांनी असं जाहीर केलं आणि रिकामा कॅन घेऊन ते रांगेत एक पाऊल पुढं सरकले. दोन दिवस वीज नव्हती. त्यांच्या पुढं वडिवळ्याच्या इंदिरामावशी जनरेटर दुरुस्त करणाऱ्या नूरमहंमदभाईंशी बोलत होत्या.

"भाऊ, पावसात भिजतूया म्हून जनरेटर पडवीत घेतला. चारी बाजूंनी ताडपत्री बांधली."

"मावशी, आदी भाईर काढा त्यो. त्येचा वायू घरात शिरतो."

"वास आला की काढू की."

"त्येला वासच न्हाई. डोकं जड हुतं, गुंगी येती, अन् झोपलेला माणूस उठतच न्हाई."

"अगं बया! बरं झालं, पेट्रोल संपून सकाळीच बंद पडला."

मास्तर रांग सोडून नूरमहंमदभाईंच्या जवळ आले.

"नूरभाई, समजा, गॅलरी आहे. काचा लावलेली."

"कुणाची, मास्तर?"

"आमचीच. आवाज होतो म्हणून शेजारी कुरकुरतात, त्यामुळे सगळ्या काचा लावून घेतल्या."

"आन् जनरेटर चालू हाय?"

"सकाळपासून. फ्रीजमध्ये श्रीखंड आहे."

"घरात कोन हाय?"

"बायको, इरावती. डोकं जड झालंय म्हणाली. मीच म्हटलं, जरा झोप."

"फोन लावा त्यान्ला! आदी फोन लावा!"

मास्तरांनी सगळे खिसे दोनदा चाचपले.

"भाई, तुमचा फोन देता का जरा? माझा जनरेटरवर चार्जिंगला लावून आलोय."