मयताच्या जेवणात विकलेला कॅचर

...आणि वर माझा नवरा मलाच विचारतो, "लोरेन, तुला एवढं चिडायला काय झालं?" मला काय झालं! अहो, चेस्टर काकांना मातीत ठेवून आम्ही नुकते कुठे चर्चच्या हॉलमध्ये येऊन बसलो होतो, माझ्या बुटांना स्मशानातला चिखल तसाच होता, टेबलावर हॅम, कोबीचे रोल, पिएरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणि समोर आमच्या मोहल्ल्यातले झाडून सगळे पुरुष माना खाली घालून बसलेले. मला भरून आलं हो! म्हटलं, बघा, माणूस गेल्यावर का होईना, पण काकांसाठी प्रार्थना करतायत बिचारे... प्रार्थना कसली! टेबलाखाली फोन! एकेकाच्या मांडीवर फोन, आणि बोट आपलं सरकतंय वर, सरकतंय खाली. का? तर एकतीस जुलै!

एकतीस जुलै म्हणजे काय ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत बेसबॉलच्या टीमांनी आपापले खेळाडू विकायचे, बदलायचे, काय हवा तो घोळ घालायचा, सहानंतर दुकान बंद. गुरांचा बाजारच म्हणा ना! फक्त तिथे दात बघतात, इथे गुडघे.

आणि आमची टीम कुठली, तर हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. नाव ज्याने ठेवलं तो मोठा जाणकार असणार, कारण आमची टीमही तळ्यात एका पायावर उभी राहते आणि मासा समोरून गेला तरी नुसती बघत बसते. मालक गाद्यांचा कारखानदार. मग टीम झोपणार नाही तर काय करणार? दरवर्षी एप्रिलमध्ये हा मालक टीव्हीवर येऊन हात जोडतो, "यंदा आपण लढणार!" आणि जुलै आला की जरा बरा खेळणारा दिसला रे दिसला, की विकला! त्याच्या बदल्यात काय आणतात? होतकरू! होतकरू म्हणजे ज्याने अजून काही केलेलं नाही आणि पुढेही करेल असं वाटत नाही, पण वय कमी आहे असा मुलगा. आणि का? तर म्हणे, पुढच्या वर्षासाठी! अहो, चेस्टर काका लहान होते तेव्हापासून ह्यांचं पुढचं वर्ष येतंय. काका म्हातारे झाले, काका गेले, पुढचं वर्ष काही आलं नाही.

पण यंदा गंमत झाली. यंदा बगळे चक्क जिंकायला लागले! कोणाला काही कळेना. मालकालासुद्धा कळेना, तो घाबरलेलाच दिसायचा. आणि हे सगळं कोणामुळे? ओलिवारेसमुळे. रेमिहिओ ओलिवारेस, आमचा कॅचर. आता कॅचरचं काम म्हणजे काय शिक्षा असते तुम्हाला सांगते, अंगावर चिलखत घालून बॅटवाल्याच्या पाठीमागे उकिडवं बसायचं, येईल तो चेंडू झेलायचा, पिचरला बोटांनी खुणा करून कुठला चेंडू टाक ते सांगायचं, उठायचं, बसायचं, उठायचं, बसायचं... अकरा वर्षं तो माणूस आमच्या गावात उठबस करतोय. गुडघ्यांचा आवाज तिसऱ्या रांगेत ऐकू येतो, कट्‌! धावायला लागला की वाटतं, हा पोहोचेपर्यंत आपली कॉफी आणून होईल. पण डोकं! त्या डोक्यावर यंदा सगळी टीम चालली होती.

आणि माझा नवरा काय म्हणतो? "विका त्याला!"

नॉर्बर्ट. माझा नॉर्ब. रिटायर झाल्यापासून त्याला एकच काम, सकाळी उठायचं आणि रेडिओवर बडी म्हणून एक जण बेसबॉलवर बडबडतो, त्याच्या कार्यक्रमाला फोन लावायचा. घसा खाकरून, छाती काढून, "बडी, मी नॉर्ब बोलतोय!" जसा काही राष्ट्राध्यक्ष बोलतोय! "बडी, ओलिवारेसला विका! चार पैसे येतायत तोवर विका! गुडघे संपलेत त्याचे! मला दिसतं ना, मी डोळे मिटून आहे का?" आणि हे बोलताना स्वतः कुठे असतो? पलंगाच्या कडेवर! कारण ह्याचे स्वतःचे गुडघे वाकत नाहीत आणि समोर मी खाली बसून ह्याच्या पायात मोजे चढवतेय! तीन वर्षं, तुम्हाला सांगते, तीन वर्षं मी एका हाताने मोजा ओढलाय आणि ह्या कानाने "गुडघे संपलेत त्याचे" ऐकलंय.

चेस्टर काका म्हणजे नॉर्बचे सख्खे काका, त्यांचा ओलिवारेसवर भारी जीव. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि सूप संपायच्या आत दोघांची जुंपायची. काका म्हणायचे, "नॉर्ब्या, तुझी जीभच विकायला काढली पाहिजे, पण घेणार कोण?" आणि स्टेला काकू आपल्या शांतपणे, "चेस्टर, पाव घे." 

तर हे काका शनिवारी गेले. आपल्या खुर्चीत, मॅच बघता बघता. काकू स्वयंपाकघरातून आल्या तर मान एका बाजूला. काकूंनी मला फोनवर काय सांगितलं असेल? "लोरेन, चेस्टर आठव्या डावात गेला गं. आपण पुढे होतो तेव्हा." नंतर शेवटच्या, नवव्या डावात हरले बगळे, सवयीप्रमाणे. पण ते काकांना कळलं नाही, एवढी एकच गोष्ट ह्या टीमने आयुष्यात त्यांच्यासाठी वेळेवर केली.

आणि काकू रडेनात हो! शनिवारी नाही, रविवारी नाही, चर्चमध्ये नाही, खड्ड्याशी उभ्या राहिल्या तरी नाही. बायका आपापसांत, "फार धीराची बाई, फार धीराची." कसला धीर! चेहरा नुसता दगड झालेला. मी आपली त्यांच्या शेजारी बसून पिएरोगी पुढे करतेय, "काकू, एक तरी खा", आणि त्या ताटाकडे बघतायत, जसं ते दुसऱ्याच कोणाचं ताट आहे.

एवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आमचा एक चुलत दीर, रे नावाचा, नळ दुरुस्त करतो तो, ताडकन उठला आणि ओरडला, "गेला!"

मयताचं जेवण चालू आहे, विधवा समोर बसली आहे, आणि हा गाढव ओरडतोय "गेला!" सगळा हॉल चिडीचूप. काकूंनी मान वळवली. "कोण गेला?" रे आपल्या बुटांकडे बघतोय. शेवटी फादर ब्रूनो उठले. मला वाटलं, आता हे काहीतरी धर्माचं बोलून वेळ मारून नेतील. फादरनी बाहीतून फोन काढला, हो, बाहीतून!, चष्मा वर केला आणि शोकसभेच्या आवाजात सांगितलं, "ओलिवारेस. पश्चिम किनाऱ्याला. तीन होतकरूंच्या बदल्यात."

आणि मग काय विचारता! सगळ्यांना कंठ फुटला. "चांगला सौदा आहे!" "त्यातला एक डावखुरा आहे म्हणे, एकोणीस वर्षांचा!" "हात काय आहे त्याचा, मी व्हिडिओ बघितलाय!" अहो, टीम कधी नव्हे ती जिंकतेय, दोन महिन्यांवर शेवट आलाय, आणि जो जिंकवतोय त्यालाच विकलं, तर हे टाळ्या पिटतायत! का? तर म्हणे, पुढच्या वर्षासाठी! आणि ह्या सगळ्यांत माझा नवरा उभा, काट्याला पिएरोगी टोचलेली, काटा हवेत, "मी सांगत होतो! तीन वर्षं सांगत होतो! कोणी ऐकलं माझं?"

आणि काकू रडायला लागल्या.

साधंसुधं नाही. पोटातून. टेबलावर डोकं ठेवून, हॅमच्या ताटाशेजारी. काटा तसाच हवेत राहिला. मी त्यांना पाठीवरून हात फिरवतेय आणि त्या हुंदके देत विचारतायत, "आता चेस्टरला कोण सांगणार? त्याला कोण सांगणार गं?"

मी नुसती धरून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "लोरेन, गाडी काढ."

"कुठे जायचं, काकू?"

"मैदानावर. अकरा वर्षं रोज संध्याकाळी आमच्या घरी होता तो माणूस. त्याला असाच जाऊ देऊ? नॉर्ब, तूही चल."

"मी? मी कशाला, काकू?"

"विकलास ना त्याला? मग पोहोचवायला चल."

निघालो! काळे कपडे, काळे बूट, नॉर्ब मागच्या सीटवर टाय आवळून गप्प. घाईत गाडीवरची प्रेतयात्रेची झेंडी काढायची राहिली, त्यामुळे रस्त्यात सगळे बाजूला होतायत, एका ट्रकवाल्याने टोपीसुद्धा काढली. काकू खिडकीतून बघून म्हणतात, "बघ, सगळ्या गावाला बातमी कळलेली दिसतेय." मी म्हटलं, "हो काकू."

मैदानाच्या मागे खेळाडूंचं दार. तिथला पहारेकरी पुढे आला, "इथे थांबायचं नाही." मग आमचे कपडे बघितले. "कोण गेलं, बाई?" काकू म्हणाल्या, "माझा नवरा. आणि आता कॅचर." त्याने साखळी काढली.

थोड्या वेळाने आला ओलिवारेस. एकटा. दोन पिशव्या, एक पाठीवर, एक हातात, आणि जिना उतरताना कट्‌, कट्‌. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बुटका आहे. कानाजवळ पांढरे केस. काकूंनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, "माझा नवरा शनिवारी तुम्हाला बघता बघता गेला. आठव्या डावात."

त्याने पिशवी खाली ठेवली. जरा विचार करून म्हणाला, "आठव्यात आपण पुढे होतो."

"हो."

"मग बरं झालं," तो म्हणाला. नवव्याचं तोही बोलला नाही, काकूही बोलल्या नाहीत. तुम्हाला सांगते, मी ह्या टीमला उभा जन्म शिव्या घातल्यात, पण तेव्हा त्याची खाली ठेवलेली पिशवी मीच उचलून धरली.

आणि नॉर्ब? नॉर्ब माझ्या पाठीमागे! एवढा धिप्पाड माणूस माझ्यामागे लपतोय! मी कोपर मारलं तेव्हा कसाबसा पुटपुटला, "ते... शुभेच्छा हं."

झालं! ओलिवारेसने मान वर केली. "थांबा, थांबा. हा आवाज..." आणि घसा खाकरून, छाती काढून, "बडी, मी नॉर्ब बोलतोय!" हुबेहूब! माझ्या नवऱ्याची नक्कल, माझ्या नवऱ्यासमोर! "तुम्हीच ना? अहो, रोज सकाळी गाडीत ऐकतो मी तुम्हाला! माझी मुलगी तर तुमची नक्कल माझ्यापेक्षा चांगली करते. जेवायच्या टेबलावर सुरू, 'विका त्याला!'"

नॉर्बचा चेहरा कोबीच्या रोलसारखा फिक्कट. तीन वर्षं अखंड चाललेलं तोंड, आणि त्यातून शब्द फुटेना! मला वाटलं, आता हा माणूस ह्याला झोडणार, आणि खरं सांगू, मी मध्ये पडले नसते. पण ओलिवारेस हसला. हसत हसतच म्हणाला, "गुडघ्यांचं मात्र बरोबर होतं तुमचं. आमच्या डॉक्टरच्या आधी ओळखलंत."

हे झोडण्यापेक्षा वाईट होतं हो.

नॉर्बने तोंड उघडलं. आणि म्हणाला काय, तर, "गरम पाण्यात मीठ टाकून शेकून बघा. मला फरक पडतो."

"कुठला दुखतो तुमचा?"

"दोन्ही."

"उतरताना जास्त?"

"उतरतानाच!"

आणि मग, तुम्हाला सांगते, एकीकडे नवी विधवा, एकीकडे नुकताच विकलेला माणूस, विमानाची वेळ होतेय, आणि हे दोघं गुडघ्यांवर बोलत उभे! कुठली पट्टी, कुठलं तेल, रात्री उशी कुठे ठेवायची... शेवटी गाडी आली त्याची. जाताना काकूंच्या गालाला गाल लावला, नॉर्बच्या खांद्यावर थाप मारली आणि गेला. नॉर्ब आमच्या गाडीत बसला, दार लावलं आणि ढसाढसा रडला. ह्यानेच विकायला लावलेला माणूस विकला गेला म्हणून! काकू पुढून रुमाल देतायत त्याला! मी म्हटलं, कमाल आहे, मयत कोणाचं आणि सांत्वन कोणाचं!

ते तीन होतकरू पण आले. डावखुऱ्याचा हात पहिल्याच आठवड्यात दुखावला. दुसरा छान धावतो, फक्त कुठल्या दिशेने ते ठरलेलं नसतं. तिसरा कोणाला दिसलेलाच नाही. आणि बगळे? पडले यादीत तळाला, व्यवस्थित, आपल्या नेहमीच्या जागी. मालक टीव्हीवर आला, हात जोडले... काय म्हणाला असेल ते तुम्हीच म्हणा. हां! पुढच्या वर्षासाठी!

आता काकूंना काकांच्या खुर्चीसमोर बसवत नाही, म्हणून रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात. आधी आमच्या बगळ्यांची मॅच. ती हरली की पश्चिमेकडची, ओलिवारेसच्या नव्या टीमची, ती आमच्या झोपायच्या वेळी सुरू होते. आणि त्या शहाण्यांनी त्याला बाकावर बसवलाय! का, तर त्यांच्याकडे एक होतकरू कॅचर आहे! नॉर्बने तिकडच्या रेडिओचा नंबर शोधून काढलाय, तीन हजार मैलांवर ओरडतो, "त्याला खेळवा! गुडघे ठणठणीत आहेत त्याचे, मी स्वतः विचारलंय!"

आणि मध्येच काकूंना डुलकी लागते, मग दचकून जाग्या होतात आणि विचारतात, "लोरेन, आपण जिंकतोय का?"

मी म्हणते, "आपण म्हणजे कुठले, काकू?"

त्या म्हणतात, "कुठलेही चालतील गं."

पूर्वी आमच्या घरात एकच टीम होती, एकदाच हरून मोकळी व्हायची. आता दोन-दोन टीम पाळल्यात, तुम्हाला सांगते... आणि झोपायला उशीर होतो, एवढाच काय तो फरक.