शनिवारचं लोखंड

...हॉर्न नको वाजवू, अंगद. तुझी जीप आल्याली ऐकलीय तिनं. डावा पाय वढत यायला येळ लागतो — आन मला बी अजून दोन प्लग ऱ्हायल्यात. बस त्या बाजंवर. न्हाई? ऱ्हा उभा. नवऱ्याची गाडी दारात असताना भीमाबाईनं नगरच्या दवाखान्याला जायला भाड्याची जीप बोलवली, हे गावभर सांगशीलच तू. सांग. पर थोडं थांब, ही चालू झाली की बघ, ती हितंच बसंल.

ही वायर धर. सोडू नको, तिसऱ्या नंबरची हाय, खडूनं आकडा टाकलाय. अदलाबदल झाली की इंजन खोकतं. आन हा जुना प्लग बघ — तव्याच्या बुडागत काळा. ह्याच्यात ठिणगी पडंल का? न्हाई पडत. म्हनून त्या दिशी गाडी माळावर बंद पडली. गाडीचाच दोष. आन गोरक्ष मिस्त्रीचा बी, त्यानं आधी सांगाया — न्हाई, सांगितलं हुतं त्यानं. शुक्रवारीच. चारी बदला म्हनला. शनिवारी मी शेवगावला गेल्तो की, दुकानाच्या पायरीपातूर. मंग ध्यानात आलं, शनिवार हाय. शनिवारी लोखंड घरात आनतं का कुनी? आमच्या बानं कधी खिळा आनला न्हाई. आलो माघारी. ही म्हनली, शनिदेव काय तुमच्या इंजनात बसलाय व्हय, जावा परत. मी म्हनलं, गप, तुला काय कळतंय गाडीतलं. रविवारी सकाळी चहा गाळताना कप सुटला हातातनं, तोंड वाकडं झालं —

तो रबरी नळीचा तुकडा दे. प्लग असा नळीत खुपसायचा आन बोटानं फिरवत न्यायचा. आधीच पाना लावला तर आटे आडवे जात्यात, इंजनाचं डोकं जातं. जोर शेवटाला, तो बी बेतानं. शाळा न्हाई शिकलो, पर समदं येतंय मला. त्या दिशी दीड तास हेच तर करत हुतो माळावर — काढ, तारंनं घास, लाव. काढ, घास, लाव. ती मागच्या शिटावर पडल्याली. मधी एक टेम्पो थांबला हुता. बसा म्हनला, सोडतो. मी म्हनलं जा तू, व्हतीय चालू. गेला.

तिला बोलता येत नव्हतं तवा. ऐकू येत हुतं.

डॉक्टर म्हनला, तासभर आधी आनायचं. मी कुनाला सांगितलं न्हाई टेम्पोचं. तुला कशाला सांगतोय, काय म्हाईत. हे नवे प्लग मागनं आनले, महिनाभर डबीत पडून हुते, हात लागंना.

सर बाजूला. किल्ली फिरवतो.

ऐक. ऐकलं? चारी पेटले, घड्याळागत चाललीय. आली बघ ती. भीमे, झाली चालू. धक्का न्हाई, काय न्हाई. मागचं शीट पुसलंय, उशी ठिवलीय. जरा हिकडं —

तिकडं चालली.

बंद करतो. उगा पेट्रोल जळतंय. उभा काय ऱ्हायलास माझ्या तोंडाकडं बघत? जा की. आन दार आदळू नको — डावा हात कुठं हाय ते तिला कळत न्हाई, फटीत ऱ्हातो. आधी हात उचलून मांडीवर ठिव. मंग लाव.