साताऱ्याची कॅसेट

आमच्या विश्वासशी गाण्यावरून वाद घालायची हौस कुणाला असेल, तर आधी माझं ऐका.

बुवांची पुण्यातली मैफल मी स्वतः रेकॉर्ड केली होती, पायाला मुंग्या येईपर्यंत टेपरेकॉर्डर मांडीवर धरून. मोठ्या कौतुकाने कॅसेट विश्वासकडे नेली. त्याने साताऱ्याच्या मेव्हण्याने रेकॉर्ड करून दिलेली एक कॅसेट काढली.

"ही साताऱ्याची. तोच राग, मारवा. आता फरक ऐक."

सबंध दुपार दोन्ही आलटून पालटून लावत त्याने माझं डोकं उठवलं. "तुझ्या कॅसेटमध्ये बुवा नुसते गातायत. साताऱ्यात बघ कसे खुललेत! पुण्याचे श्रोते मेले थंड, कलावंत काय करणार?"

तेवढ्यात त्याच्या कॅसेटमध्ये ख्याल संपला, टाळ्या झाल्या आणि माईकवर कुणीतरी खेकसलं, "फाटकासमोर पोपटी स्कूटर कुणी लावली आहे? ताबडतोब काढा, नाहीतर हवा सोडण्यात येईल!"

मी ताडकन उठून माझी कॅसेट लावली आणि ख्यालाच्या शेवटाला नेली. तोच आवाज, तीच पोपटी स्कूटर, तीच हवा.

"अरे, मैफल एकच आहे! तुझा मेव्हणा माझ्यापेक्षा पुढे बसला होता, एवढंच!"

विश्वासने दोन्ही पुन्हा शांतपणे ऐकल्या. मला वाटलं, आता तरी कबूल करेल.

"खरा रसिक दिसतोय," तो म्हणाला.

"कोण?"

"स्कूटरवाला. बुवांच्या मागे पार साताऱ्यापर्यंत गेला. पण तिथेही फाटकासमोरच लावली, म्हणजे पुण्याचाच असणार."