उद्यापासून भाऊजी घरी

भाऊजींनी ब्लँकेटचं टोक हुडकून काढलं, शेवटची गाठ दाताने तोडली आणि धागा ओढायला सुरुवात केली. ब्लँकेट त्या वेळी बाळाच्या अंगावर होतं. बाळ झोपलं होतं. क्रोशाच्या विणकामात शेवटचा टाका एकदा सुटला की पुढचे आपोआप सुटत जातात, जोर लावावा लागत नाही. एक ओळ सरते, मग वरची. आधी बाळाची पावलं उघडी पडली, मग पोट, मग छाती. रंग बदलतो तिथे गाठ असते. तिथे भाऊजी थांबत, गाठ तोडत आणि पुन्हा ओढायला लागत.

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक. व्यासपीठावर बसलेले कामगार संघटनेचे चिटणीस आणि पाहुणे मंडळी. आजचे सत्कारमूर्ती, प्रेस खात्याचे फोरमन, जे आज निवृत्त होत आहेत आणि नात्याने माझे धाकटे दीर लागतात. आणि समोरच्या कामगार बंधूंनो, भगिनींनो. मी मधूनच सुरुवात केली, याची क्षमा मागते. सूत्रसंचालकांनी मला बजावलंय, वहिनी, पाच मिनिटं. एकेकाला मान देत बसले असते तर बाळ राहून गेलं असतं.

घरच्यांपैकी कोणीतरी बोलावं, अशी भाऊजींचीच इच्छा होती. काय बोलायचं तेही त्यांनी सांगून ठेवलंय. म्हणाले, "वहिनी, तीनच गोष्टी सांगा. शिस्त, वक्तशीरपणा आणि माया." मला वेळ कमी आहे. मी पहिल्या दोन गोष्टींवर बोलते.

ते ब्लँकेट माझ्या जावेने विणलं होतं, म्हणजे भाऊजींच्या पत्नीने. घरात आम्ही तिला धाकटी म्हणतो. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, उजवा हात गळ्यात बांधलेला. जिन्यावरून पडली, असं तुम्हाला दारात सांगितलं गेलं. आमच्या घराला जिना नाही.

धाकटी घरी बसून लोकरीची ब्लँकेटं विणते आणि चिंध्यांची पायपुसणी करते. या सभागृहाच्या दाराशी जे गोल पायपुसणं आहे ते तिच्याच हातचं. आपण सगळे त्याला पाय पुसून आत आलात. चांगलं आहे ना? पायपुसण्यासाठी आधी जुनं कापड फाडावं लागतं. कापायचं नाही, फाडायचं. काठाला कात्रीने एवढीशी चीर द्यायची, दोन्ही हातांनी धरायचं आणि ओढायचं. कात्रीने कापलेली पट्टी कुठे जाड होते, कुठे बारीक. फाडलेली एकसारखी निघते. मग पट्ट्या जोडून गुंडा करायचा आणि लाकडाच्या जाड सुईने गोल गोल विणत जायचं.

पण फाडताना आवाज होतो, आणि भाऊजींना तो आवाज सहन होत नाही. दिवसभर धाडधाड पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशेजारी उभा राहणारा माणूस, पण घरात चादर फाटली की कपाळाची शीर ताठ. तेव्हा आमच्याकडे नियम ठरला. भाऊजी कामावर असले की पायपुसणी, भाऊजी घरी असले की लोकर. लोकर गप्प असते. कारखान्याचा भोंगा झाला की धाकटी फाडायला बसायची. सुटीचा भोंगा व्हायच्या आत ओल्या फडक्याने फरशी पुसून मोकळी व्हायची, कारण फाडताना दोरे उडतात. एखादा दोरा पलंगाखाली राहिला तर भाऊजी वाकून तो उचलायचे आणि तिच्या ताटाच्या कडेला ठेवायचे. जेवण व्हायचं. ते हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे, टॉवेल झटकून वाळत घालायचे आणि मग आतून कडी लावायचे.

ही झाली शिस्त. वक्तशीरपणाही यातच आला.

मघाशी अध्यक्षांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. भाऊजींच्या खात्यात इतक्या वर्षांत एकाही कामगाराचं बोट प्रेसमध्ये गेलं नाही. आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, कारण ते खरं आहे. बोट कुठे मोडतं आणि किती जोराने मोडतं हे भाऊजींना चांगलं कळतं. म्हणून इथे एकही मोडलं नाही. घरी तीन मोडली.

काय म्हणालात? मोठ्याने म्हणा, मागे ऐकू जात नाही. ते म्हणतात, "वहिनी, घरातलं घरात." बरोबर आहे, भाऊजी. पण घरातलं बोलायला तुम्हीच मला इथे उभं केलंत. बसा. हार चुरगळतोय.

आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत आहे. माझी खोली माझ्या नावावर आहे, माझे यजमान गेले तेव्हापासून. यजमान असताना भाऊजी मोठ्या भावाला वचकून होते. पुढे वचक राहिला नाही. मग मी जायला लागले. कडी लागल्याचा आवाज आला की मी चुलीवरचं उतरवून जायची, दार ठोठावायची, शेजारपाजारच्यांना गोळा करायची. एकदा कडी नीट बसली नव्हती म्हणून आत शिरता आलं. धाकटी जमिनीवर होती आणि भाऊजींचा गुडघा तिच्या पाठीवर. पायपुसण्यांची धूळ झटकायची काठी कोपऱ्यात असते, ती मी घेतली. त्यांच्या कानामागे जी खूण आहे ती प्रेसची आहे, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. कामात झालेली जखम म्हणून चिटणीसांनी तिचा मघाशी गौरवाने उल्लेख केला. ती खूण माझी आहे. माझा हा तुटलेला पुढचा दात त्यांचा आहे. आमचं देणंघेणं फिटलं. तिचं फिटायचं आहे.

अध्यक्षसाहेब, घंटी ऐकू आली. बाळाचं पुरं करते आणि थांबते.

बाळ भाऊजींची नात. लेकीने त्यांना न विचारता लग्न केलं होतं, त्याचा राग होता. मूल झाल्यावर ती पहिल्यांदाच माहेरी आली होती. धाकटीने तिला दारातून आत घेतलं, बाळाला पलंगावर निजवून नवीन ब्लँकेट पांघरलं आणि मला हाक मारली. आम्ही तिघी बाळाचं नाक कोणावर गेलंय यावर भांडत होतो. लेक म्हणाली, "काकू, तुमच्यावर गेलं असतं तर खोलीत मावलं नसतं." तेवढ्यात भाऊजी आले. ओरडले नाहीत. पलंगाच्या कडेला बसले आणि ब्लँकेटचं टोक शोधायला लागले.

लेक म्हणाली, "बाबा, तिला थंडी लागेल."

"लागू दे. ज्याच्याशी लग्न केलंस त्याला सांग पांघरूण आणायला."

मी हात धरला तर त्यांनी मला भिंतीवर ढकललं आणि दुसऱ्या हाताने ओढणं चालूच ठेवलं. बाळ उघडं पडलं, जागं झालं, रडायला लागलं. लेकीने त्याला आपल्या ओढणीत गुंडाळलं आणि ती गेली. पुन्हा आलेली नाही. फरशीवर लोकरीचा हा एवढा ढीग. भाऊजी धाकटीला म्हणाले, "गुंडा कर." आणि लोकर गुंतू नये म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले. तिने त्यांच्या हातांवर लड घातली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसून गुंडा केला. नंतर मला म्हणाली, "ताई, किती वेळ लागला. पण त्यांनी हात जरासुद्धा खाली नाही केले."

आता हे सगळं आजच का? सत्काराच्या दिवशी कोणाचं वाईट बोलू नये, एवढं मलाही समजतं. पण उद्यापासून भाऊजी घरी असतील. भोंगा होईल आणि ते घरीच असतील. आजवर धाकटीला एका भोंग्यापासून दुसऱ्या भोंग्यापर्यंत श्वास घ्यायला मिळत होता. आपण सगळ्यांनी मिळून तो आज संपवला. भाषणात मघाशी म्हटलं गेलं, "आता साहेबांचा सगळा वेळ वहिनींचा." कोण म्हणालं ते मी बघितलं नाही. मी धाकटीकडे बघत होते.

गेल्या आठवड्यात तिने त्यांना एकच गोष्ट विचारली. मी भिंतीपलीकडे पट्ट्या जोडत होते, शब्दन् शब्द ऐकला. ती म्हणाली, "तुम्ही आता घरी असाल. तुम्हाला आवाजाचा त्रास नको. दिवसा मी फाडायचं काम ताईंच्या खोलीत नेऊ का? स्वयंपाक करून जाईन."

ते म्हणाले, "कुठे जाशील?"

"इथेच. शेजारी."

"दाखव, कुठून जाशील."

तिने चौकटीला हात लावून दाखवलं. त्यांनी दार लोटलं.

तिची चार बोटं बाहेरच्या बाजूला आली, ती मला माझ्या दारातून दिसली. मी बाहेरून दार ढकलायला लागले, ते आतून दाबत होते, मध्ये तिचा हात. मी जराही जोर कमी केला की दार तेवढं तिच्या हातावर मिटायचं. ती ओरडत नव्हती. आतून म्हणत होती, "ताई, सोडू नका." मी सोडलं नाही. पलीकडे सुतार राहतो, तिची लाकडी सुई त्यानेच घडवून दिली आहे. तो धावत आला, त्याने खांदा लावला आणि दार उघडलं. भाऊजी मागच्या मागे पडले. उठले, शर्ट झटकला आणि सुताराला म्हणाले, "बिजागरी कुरकुरते आहे, बघ जरा."

दवाखान्यात धाकटीनेच सांगितलं की जिन्यावरून पडले. भाऊजी तिच्या खुर्चीमागे उभे होते. सुतार आणि मी पोलीस चौकीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "निवृत्तीचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. आयुष्यभराची अब्रू आहे त्यांची." आम्ही होऊ दिला. आता होत आलाय.

माइक गेला वाटतं. असू दे. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलायची सवय लागली आहे.

हे मी तिला विचारून बोलते आहे. तिचं दुःख चव्हाट्यावर मांडायची मला हौस नाही. काल ती म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा. मला लोकांसमोर बोलता यायचं नाही, मी नुसती उभी राहीन." धाकटे, राहतेस उभी? ती राहिली. मागच्यांना दिसली का? पट्टीतून बाहेर आलेली बोटं दिसली का? काळी आहेत ती. चारातली तीन मोडली आहेत, अंगठा वाचलाय. डॉक्टर म्हणाले, लोकरीची सुई पुन्हा धरता येईल, लाकडी सुईचं सांगता येत नाही.

तर माझी सभागृहाला एक विनंती आहे. कार्यक्रमानंतर सत्कारमूर्तींना सपत्नीक घरी सोडायला कारखान्याने गाडी ठेवली आहे. आपल्या या मोठेपणाबद्दल मी कुटुंबाच्या वतीने आभार मानते. पण त्या गाडीत एकच जण बसेल. धाकटी माझ्याबरोबर चालत येईल आणि माझ्या खोलीत राहील, आज, उद्या आणि पुढेही. तिच्या कपड्यांची पिशवी सुताराच्या बायकोकडे ठेवली आहे. चालताना आमच्याबरोबर कोणी आलं तर बरं होईल. प्रेस खात्यातल्या ज्यांची बोटं भाऊजींनी वाचवली त्यांच्यापैकी कोणी आलं तर जास्त बरं. मी जबरदस्ती करत नाही. उद्यापासून ते तुमचे साहेब नाहीत, एवढं फक्त लक्षात आणून देते.

भाऊजी, तुम्ही उठू नका. तुमचं मानपत्र वाचायचं राहिलंय.

मला बोलावलंत, व्यासपीठावर खुर्ची दिलीत, पाण्याचा पेला भरून ठेवलात, त्याबद्दल कारखान्याची, संघटनेची आणि अध्यक्षांची मी ऋणी आहे. पाच मिनिटांची पंधरा झाली असतील. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. भाऊजींनी नाही घातलं तरी चालेल. मी थांबते.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी माझ्या दारावर लाथा घातल्या. फळी तडकली, दार उघडलं नाही. प्रेस खात्यातले दोघे ओट्यावर बसले होते, ते उठून उभे राहिले. मग भाऊजी पायरीवर बसले आणि थोड्या वेळाने बंद दाराकडे तोंड करून त्यांनी चहाची पावडर कुठे असते ते विचारलं. धाकटी आतच होती. तिने डाव्या हाताने जुन्या चादरीचं एक टोक धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि ओढलं.