आपणो माणस

आमचं मूळ गाव शहाद्याकडचं. वडील लूमवर कामाला सुरतेत आले आणि तिथल्या गोडादरा भागातच राहिले, मी तिथेच वाढलो. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि वाचायला मराठी पुस्तकं. त्या नादानेच बी.ए. झालो आणि सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, ऑफिसात लागलो. खात्यात सगळी खानदेशचीच माणसं. मॅनेजर साहेब म्हणाले, कामगार आणि सुपरवायझर रोज भांडतात, तुला त्यांची भाषा येते, तू त्यांना बोलतं कर, बोलणाऱ्याला काही होणार नाही, माझा शब्द आहे.

मग काय सांगू तुम्हाला, जेवणाच्या सुट्टीत मी कामगार आणि सुपरवायझर, सगळ्यांमध्ये खाली बसायचो, खडूने फरशीवर मशीन काढायचो, बाजूला काड्यांची माणसं काढायचो, आणि विचारायचो, इथे काय होतं, मग पुढे काय होतं. चूक कोणाची हे विचारायचं नाही. एकदा विचारलं की ऐकत बसायचं. माणूस फरशीकडे बघत बोलतो, तोंडाकडे बघून बोलत नाही.

मशीनवरचा डगाभाऊ माझ्या गल्लीतला, लहानपणापासूनचा. तो टिंगल करायचा, म्हणे बी.ए. हुईसन रांगोळी काढस. पण एका दुपारी त्यानेच खडू घेतला आणि सुपरवायझर काढला, हे मोठं पोट, सगळे हसले, सुपरवायझरही हसला. मग डगाभाऊ म्हणाला, वाफ उतरायच्या आधी मशीनचं झाकण उघडायला लावता, एखाद दिवशी कोणी भाजून मरेल. सुपरवायझर खाली बघत म्हणाला, मला वरून फोन येतात, मी तरी काय करू. इतक्या दिवसांत ते दोघं पहिल्यांदा नीट बोलले.

साहेब मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. त्यांनी चित्र पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आ तो आपणो माणस छे, मने बधुं कहे छे."

म्हणे मला सगळं सांगतो. मी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. आपला माणूस म्हणून तर ही सगळी माझ्याशी बोलली होती, आणि गुजराती तिथे कोणाला कळत नाही? मी तोंड उघडेपर्यंत साहेब निघून गेले होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डगाभाऊला गेटवरच अडवलं. मी साहेबांना म्हणालो, तुम्ही शब्द दिला होता. ते म्हणाले, बोलला म्हणून कुठे काढलं, माणसं कमी करायचीच होती. मी नोकरी सोडली, तर गल्लीत म्हणाले, साहेबाचं काम झालं, आता कशाला थांबेल. डगाभाऊ इच्छापोरला ठेकेदाराकडे लागला. मी समोर दिसलो की रस्ता बदलायचा. या थंडीत छातीत कळ आली आणि गेला.

मी दारवर गेलो, आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला तसं म्हणतात. वहिनींनी, डगाभाऊच्या बायकोने, विचारलं, "भाऊ, साहेबले तुम्हीच सांगं का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, ती कशासाठी हलवली ते मला कळलं नाही. अशा घरातून उठताना येतो म्हणायचं नसतं, म्हणून न बोलताच चपला घातल्या. परत येऊ का, हे विचारायची सोयच नव्हती. त्या घराचं भलं होवो.