चक्की दिसणारं घर

शनिवारी पवनचक्कीच्या दाराशी पिठाची रांग होती. माझ्यापुढे गावच्या हिस्केआजी आणि काही वर्षांपूर्वी शहरातून राहायला आलेल्या मार्लूसबाई.

“आजी, आजही पाती हलत नाहीत हो!”

“वारा पोचायला हवा ना, बाई.”

“एवढा वारा सुटलाय! माझी टोपी उडाली.”

“ती रस्त्यावर उडाली. इथं पश्चिमेचा वारा तुमच्या पॉप्लरच्या झाडांत अडतो.”

“काय भराभर वाढली, नाही?”

“वाढली खरी. लावलीत कशाला?”

“अहो, सकाळी पात्यांची सावली आमच्या बिछान्यावरून फिरायची. ह्यांची झोपमोड व्हायची.”

“मग घर इथं का घेतलंत?”

“चक्कीसाठीच! खिडकीतून फिरताना दिसायची.”

“आता?”

“आता झाडं दिसतात. म्हणून तर बघायला इथवर यावं लागतं.”

“चक्कीवाला वीबे म्हणतो, असंच राहिलं तर चक्कीला कुलूप लावीन.”

“अरे देवा! मग आमच्या घराला काय अर्थ?”

“झाडं तोडा.”

“जिवंत झाडं? आजी, निसर्गाचा काही विचार करा!”

“मग करायचं काय?”

“मोटर बसवा की! फक्त सकाळी लावू नका म्हणावं. ह्यांची झोपमोड होते.”