दिनूच्या हातातलं खोकं

मी सुपरवायझर झालो ना, त्याच महिन्यातली गोष्ट. त्याआधी मुलुंडच्या गोदामात मी आणि दिनू जोडीनं खोकी उचलायचो. त्या दिवशी त्याची कंबर धरली होती, म्हणून मी त्याच्या हातातलं खोकं घेतलं.

तो म्हणाला, "साहेब, खाली ठेवा. तुम्हीच उचलायला लागलात तर उद्या कंपनी आमचा एक माणूस कमी करेल."

"दिनू, मला साहेब काय म्हणतोस रे?"

"युनियनला सांगावं लागेल मला."

आणि त्यानं सांगितलं. त्याचं बरोबरच होतं. दुपारी मी डबा घेऊन दिनू आणि बाकीच्या कामगारांत गेलो. सगळ्यांनी सरकून मला जागा दिली, पण बोलणं थांबलं. तेव्हापासून मी केबिनमध्येच जेवतो. तिथे एसी आहे, भाजी लगेच गार होते.